पाण्याचा गारवा आणि त्याचा हिशेब

(वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी सामान्य विज्ञान व गणित यांचा संयुक्त पाठ)

प्रास्ताविक

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यातील अनेक गावांतून दोन दृश्ये एकाच वेळी दृष्टीस पडतात. एकीकडे टँकरभोवती हंडे-कळश्यांची रांग लागलेली असते, तर दुसरीकडे त्याच आळीतील एखाद्या घराच्या खिडकीत कूलर घरघरत असतो. मुले ही दोन्ही दृश्ये पाहतात आणि त्यांच्या मनात प्रश्न उभा राहतो. तो कधी तरी वर्गातही येतो. "गुरुजी, प्यायला पाणी पुरत नाही आणि ते लोक कूलरात ओततात, हे बरोबर आहे का?"

असा प्रश्न आल्यास शिक्षकाने तो बाजूस सारू नये. तसेच घाईने निवाडाही देऊ नये. ज्याच्या घरी पाणी अपुरे आहे तो मुलगा आणि ज्याच्या घरी कूलर आहे तो मुलगा, दोघेही त्याच वर्गात बसलेले असतात. एकाच्या मनात चीड असते, तर दुसऱ्याच्या मनात संकोच. त्यातच कोणी ऐकीव मत पुढे करतो की, शहरातील वातानुकूलन यंत्राला, म्हणजे एसीला, पाणी मुळीच लागत नाही. तेव्हा तोच बरा. ही सारी मते मोजमापावाचून बनलेली असतात. मत बनविण्यापूर्वी मोजावे, ही सवय विद्यार्थ्यांना लावणे हा विज्ञान शिकविण्याचा एक मुख्य हेतू होय. त्या दृष्टीने हा पाठ योजिला आहे.

पाठाचा हेतू व साहित्य

बाष्पीभवनाने थंडावा कसा निर्माण होतो, तो कोठे मिळतो व कोठे मिळत नाही, आणि त्यासाठी पाणी व वीज किती खर्च होते, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष प्रयोगाने व साध्या गणिताने समजावे, हा हेतू आहे. साहित्य म्हणून मातीचा एक छोटा माठ, तेवढ्याच आकाराचे स्टीलचे भांडे, दोन तापमापक, सुती कापडाची चिंधी, मापाचे भांडे आणि एक वही पुरे.

उन्हाळ्यात शाळा सकाळच्या असतात. सकाळी हवेत ओलावा अधिक असतो व दुपारी तो कमी होतो. म्हणून प्रयोगाची एक नोंद शाळा भरताना व दुसरी शाळा सुटण्यापूर्वी घ्यावी. दोन नोंदींतील फरक हाच पुढे पाठाचा आधार होतो.

पूर्वज्ञानाची उजळणी

पुढील प्रश्नांनी पाठास आरंभ करावा. घाम आलेला असता वारा लागला म्हणजे गार का वाटते? अंघोळ करून ओल्या अंगाने बाहेर आल्यास हुडहुडी का भरते? माठातील पाणी स्टीलच्या हंड्यातील पाण्याहून गार का असते? नवा माठ अधिक गार पाणी देतो व जुना कमी देतो, याचे कारण काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरातील आजीला ठाऊक असते. पाण्यातील क्षार साचून माठाची सूक्ष्म छिद्रे बुजतात, पाझर थांबतो आणि गारवाही थांबतो. विद्यार्थ्याने हे उत्तर घरून विचारून आणावे. अशा वेळी घर हीही प्रयोगशाळाच ठरते.

विषयविवेचन

पहिला प्रयोग. माठात व स्टीलच्या भांड्यात सारखे पाणी मोजून भरावे. दोन्ही भांडी झाकून, वारा लागेल अशा सावलीच्या जागी ठेवावीत. दुसऱ्या दिवशी दोहोंतील तापमान नोंदवावे व पाणी पुन्हा मोजावे. माठातील पाणी अधिक गार, परंतु कमी झालेले आढळेल. "कमी झालेले पाणी कोठे गेले?" असे विचारावे. उत्तर मिळेल, "वाफ होऊन हवेत गेले." मग शिक्षकाने सांगावे की, पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. ती उष्णता माठाच्या ओल्या भिंतीतून व आतील पाण्यातून घेतली गेली, म्हणून उरलेले पाणी गार झाले.

या उष्णतेस बाष्पीभवनाची सुप्त उष्णता किंवा अप्रकट उष्मा म्हणतात. १ किलो पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते. परंतु नेहमीच्या हवेच्या तापमानाला त्याच १ किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. हा आकडा फळ्यावर ठळक लिहावा, कारण पुढील सर्व हिशेब याच्यावर उभा आहे.

लगेच एक उदाहरण सोडवून घ्यावे. माठात १० लिटर पाणी आहे. ते ३५ अंशांवरून २५ अंशांवर आणावयाचे, तर १० × १० = १०० किलोकॅलरी उष्णता काढून घेतली पाहिजे. १०० ला ५८० ने भागिले असता ०.१७ लिटर, म्हणजे एक लहान पेलाभर पाणी येते. बाहेरची उष्णता सतत आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात याहून काहीसे अधिक पाणी खर्ची पडते. तरीही पेला-दोन पेले पाण्याच्या मोबदल्यात १० लिटर पाणी गार करणारे हे साधन किती काटकसरी आहे, हे विद्यार्थ्यांना उमजते. जे गार करावयाचे तेवढेच माठ गार करतो. खोलीभर हवा गार करीत बसत नाही.

दुसरा प्रयोग. दोन तापमापक शेजारी टांगावेत. एकाच्या पाऱ्याच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळावी व वहीने दोहोंवर वारा घालावा. काही मिनिटांनी ओल्या तापमापकातील पारा खाली उतरून एका ठिकाणी स्थिर होतो. दोन तापमापकांतील हे अंतर म्हणजे त्या वेळी त्या जागी पाण्याने किती गारवा मिळू शकेल याची मर्यादा होय. कूलर साधा असो वा भारी, त्यातून येणारी हवा ओल्या तापमापकाच्या खाली उतरत नाही.

वैशाखातील कोरड्या दुपारी तापमान ४२ अंश व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असता ओला तापमापक सुमारे २४ अंश दाखवितो. अंतर १८ अंशांचे पडते. याउलट हवा ३५ अंश व आर्द्रता ७० टक्के असता ओला तापमापक सुमारे ३० अंशांवर थांबतो आणि अंतर केवळ ५ अंशांचे उरते. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे मे महिन्यात कूलर घरोघरी दिसतो आणि रत्नागिरी, मालवण येथे तो सहसा दिसत नाही, याचे कारण या अंतरात आहे. नागपुरातही मृगाच्या सरी आल्या की तोच कूलर निरुपयोगी वाटू लागतो. यंत्र बिघडलेले नसते; हवा वाफेने भरत आलेली असते.

कूलरच्या पाण्याचा हिशेब

आता गणिताकडे वळावे. एक साधा घरगुती कूलर ताशी १,५०० घनमीटर हवा ओढतो असे धरू. कडक उन्हाळ्यात १ घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१ किलो भरते. म्हणजे ताशी १,६५० किलो हवा झाली. बाहेर ४२ अंश आहेत. ताट्या चांगल्या ओल्या असतील तर वरील १८ अंशांच्या अंतरापैकी सुमारे सात-दशांश भाग कूलर साधतो. म्हणजे हवा १३ अंशांनी उतरून २९ अंशांवर येते. १ किलो हवा १ अंशाने उतरविण्यास सुमारे ०.२४ किलोकॅलरी काढून घ्यावी लागते.

१,६५० × १३ × ०.२४ = ५,१४८ किलोकॅलरी.

५,१४८ ÷ ५८० = सुमारे ९ लिटर पाणी दर तासाला.

दुपारचे व रात्रीचे मिळून ८ तास कूलर चालला तर ७२ लिटर पाणी वाफ होऊन जाते. हे १५ लिटरच्या बादलीने जवळजवळ पाच बादल्या झाले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. म्हणजे एक कूलर एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्याहून अधिक पाणी घेतो. हा आकडा निघाला म्हणजे वर्गात क्षणभर शांतता पसरेल. शिक्षकाने ती पसरू द्यावी, परंतु पाठ तेथे थांबवू नये, कारण हिशेब अद्याप अर्धाच झाला आहे.

तुलना: एसीचे पाणी कोठे आहे?

एसीमध्ये पाणी ओतावे लागत नाही, हे खरे. परंतु त्यातही बाष्पीभवनच घडते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितल्यास त्यांचे कुतूहल वाढते. एसीच्या आतील नळ्यांतून एक विशिष्ट द्रव वाहतो. तो वाफ होताना खोलीतील उष्णता शोषून घेतो. मग विजेवर चालणारा दाबयंत्राचा भाग ती वाफ दाबून, बाहेरील नळ्यांत उष्णता सोडून, तिचा पुन्हा द्रव करतो. तोच द्रव फिरून फिरून वापरला जातो. कूलरमध्ये वाफेचे पुन्हा पाणी करण्याचे काम निसर्गावर सोडलेले असते. ते पाणी केव्हा व कोठे पावसाच्या रूपाने पडेल ते आपल्या हाती नसते. म्हणून कूलरला पाणी पुष्कळ व वीज थोडी लागते. एसीला वीज पुष्कळ लागते.

१.५ टनाचा साधा एसी पूर्ण भाराने चालत असता तासाला सुमारे १.५ युनिट वीज घेतो. (येथे टन हे यंत्राचे वजन नव्हे, पूर्वी बर्फाने थंडावा देत, त्या काळी एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषी, तेवढी उष्णता काढण्याची शक्ती म्हणजे एक टन.) ८ तासांत १२ युनिट होतात. कूलरचा पंखा व पंप मिळून २०० वॅट धरले, तर ८ तासांत १.६ युनिट. एसीची वीज कूलरच्या साडेसात पट झाली.

आता विचारावे, "ही वीज कोठून येते?" महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग कोळशावरील औष्णिक केंद्रांतून येतो आणि अशा केंद्रांना वाफ थंड करण्यासाठी पाणी लागते. २०१५ साली केंद्र शासनाने जुन्या औष्णिक केंद्रांसाठी, त्यांनी दर युनिटमागे ३.५ लिटरहून अधिक पाणी वापरू नये, अशी मर्यादा घातली. ती मर्यादा धरून हिशेब केला तर एसीच्या १२ युनिटांमागे ४२ लिटर पाणी वीजकेंद्रात खर्च होते. कूलरच्या १.६ युनिटांमागे ते साडेपाच लिटर होते; घरातील ७२ लिटर मिळविले तर कूलरची बेरीज सुमारे ७८ लिटर येते.

तेव्हा एसीला पाणी लागत नाही हे म्हणणे खरे नाही आणि कूलर सर्वच बाबतींत काटकसरी आहे हेही खरे नाही. कूलरचे पाणी घरच्या टाकीत दिसते; एसीचे पाणी चंद्रपूरच्या केंद्रासाठी इरई धरणातून उचलले जाते आणि शहरातील खोलीत बसलेल्या माणसाला ते दिसत नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. दुष्काळ विजेच्या तारेतूनही घरात येतो, हे या एका घटनेवरून समजते. सूर्यप्रकाश व वारा यांपासून वीज केल्यास तिला पाणी फारच थोडे लागते. तशी वीज जसजशी वाढेल तसतसा हा हिशेब बदलत जाईल.

आणखी एक भेद सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे. कूलर बाहेरची तप्त हवा सतत आत घेतो व ती दुसऱ्या खिडकीतून बाहेर जाऊ देतो. वरील उदाहरणात खोलीतून बाहेर पडणारी हवा ३३ अंशांची असेल, तर १३ अंशांपैकी केवळ ४ अंशांचा गारवा खोलीच्या उपयोगी पडला. उरलेला बाहेरची आग विझविण्यात खर्च झाला. एसी आतील हवाच पुन्हा पुन्हा गार करतो, म्हणून त्यास दारे-खिडक्या बंद लागतात. कूलरला मात्र हवा बाहेर जाण्यास वाट हवी. कित्येक घरी "गारवा निघून जाईल" म्हणून कूलर लावून खिडक्या बंद करतात. मग तीच ओली हवा कोंडते, घाम वाळत नाही आणि पाणी खर्चूनही जीव घाबरा होतो. हा एक गैरसमज या पाठाने दूर झाला तरी पुष्कळ साधले.

सामान्यीकरण

विद्यार्थ्यांकडून पुढील नियम काढून घ्यावेत व त्यांच्याच शब्दांत वहीत लिहवावेत.

१. वाफ झालेले पाणी हे गारव्याचे मोल होय. गळून गेलेले पाणी मात्र निव्वळ हानी होय.

२. हवा जितकी कोरडी, तितका पाण्याचा गारवा अधिक. हवा दमट असता पाणी ओतून लाभ नाही.

३. गारवा फुकट मिळत नाही. तो पाणी देऊन घ्यावा लागतो किंवा वीज देऊन. आणि विजेमागेही बहुधा पाणी असतेच.

उपयोजन

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परतावे. "हे बरोबर आहे का?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ४५ अंशांच्या उन्हात घरात तान्हे मूल असेल, वृद्ध आजी असेल किंवा आजारी माणूस असेल, तर नुसता पंखा तापलेलीच हवा अंगावर टाकतो. अशा घरी पाण्याचा गारवा ही चैन नव्हे. उष्माघातापासून तो प्राण वाचवू शकतो. परंतु रिकाम्या खोलीत चालणारा कूलर, गळणारी टाकी, किंवा पावसाळी हवेत सवयीने सुरू ठेवलेला पंप यांचे समर्थन करता येणार नाही. प्रश्न कूलर असावा की नसावा हा नाही. कोणासाठी, केव्हा आणि किती वेळ, हा आहे. विद्यार्थ्यांनी या तीन शब्दांवर विचार करावा.

पाणी वाचविण्याचे उपाय वर्गाकडूनच निघू द्यावेत. ते साधारणपणे येणेप्रमाणे असतील. कूलर सावलीच्या बाजूस ठेवावा. माणसे बसली-निजली असतील तेवढ्याच खोलीत तो चालवावा. उत्तररात्री बाहेरची हवा निवली म्हणजे पंप बंद करून नुसता पंखा ठेवावा. टाकीची व नळीची गळती ताबडतोब काढावी. क्षारांनी कडक झालेल्या ताट्या बदलाव्यात, कारण त्यांतून पाणी सारखे झिरपत नाही व हवा कोरडीच आत येते. टाकीच्या तळाशी उरलेले खारट पाणी गटारात न सोडता अंगण किंवा पायरी धुण्यास वापरावे. ज्या घरी वा कार्यालयात एसी आहे तेथे नळीतून ठिबकणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसण्यास घ्यावे. ते पिऊ नये.

याशिवाय ज्यास पाणीही लागत नाही व वीजही लागत नाही असे उपाय विसरू नयेत. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छतास पांढरा चुना देणे, दाराशी कडुनिंबाची सावली धरणे, पहाटे खिडक्या उघडून दुपारी ऊन येणाऱ्या बाजूच्या बंद करणे, हे उपाय उष्णता आत येऊच देत नाहीत. जी उष्णता आत आली नाही, ती बाहेर काढण्यास पाणी लागत नाही. वाळ्याचे पडदेही जुनेच आहेत. अकबराच्या काळी वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडून दालने गार करीत, असे 'आइन-ए-अकबरी'त नमूद आहे. आजच्या कूलरची ताटी हे त्याच पडद्याचे वंशज होय.

दक्षता

दोन गोष्टी शिक्षकांनी आवर्जून सांगाव्यात व पालकसभेतही पुन्हा मांडाव्यात.

पहिली विजेची. कूलरचा सांगाडा बहुधा लोखंडी, आत पाणी आणि शेजारी ओली फरशी. अशा स्थितीत तार उघडी पडली तर प्राणावर बेतते. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढलाच पाहिजे, अर्थिंग तपासून घेतलेच पाहिजे, आणि लहान मुलांवर पाणी भरण्याचे काम सोपवू नये. घरी जाऊन मोजमाप करावयास सांगताना विद्यार्थ्यांना ही ताकीद प्रथम द्यावी. मोजणी मोठ्या माणसाच्या उपस्थितीतच व्हावी.

दुसरी डासांची. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार होण्यास आठवडा-दीड आठवडा पुरतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून, आतील कडा घासून, कोरडी ठेवावी. अंडी कडेला चिकटून कोरड्यातही दीर्घकाळ तग धरतात. नुसते पाणी ओतून टाकणे पुरेसे नाही. हंगाम संपताच टाकी कोरडी करून झाकून ठेवावी.

स्वाध्याय

१. घरातील किंवा शेजारच्या कूलरमध्ये एका दिवसात किती बादल्या पाणी भरले व तो किती तास चालला, हे वडील माणसांना विचारून नोंदवा. ताशी पाणी काढा. वर्गातील ९ लिटरच्या उत्तराशी ताडून पाहा व फरकाची कारणे लिहा. ज्यांच्या घरी कूलर नाही त्यांनी माठाच्या पाण्याची नोंद ठेवावी.

२. सकाळी व दुपारी कोरड्या व ओल्या तापमापकांतील अंतर एक आठवडा नोंदवा. कोणत्या दिवशी कूलर सर्वांत उपयोगी ठरला असता?

३. कूलर दिवसातून २ तास कमी चालविल्यास एप्रिल व मे या दोन महिन्यांच्या ६१ दिवसांत किती लिटर पाणी वाचेल? (उत्तर: १,०९८ लिटर.) माणशी ५५ लिटर धरल्यास हे एका माणसाचे किती दिवसांचे पाणी होय? (उत्तर: जवळजवळ २० दिवसांचे.)

तिसऱ्या उदाहरणाचे उत्तर फळ्यावर लिहून पाठ संपवावा. त्यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही. टँकरच्या रांगेत उभा राहणारा मुलगा आणि कूलरखाली निजणारा मुलगा, दोघांनीही तोच भागाकार केलेला असतो व दोघांचे उत्तर एकच आलेले असते. घरी गेल्यावर त्यांपैकी एकाने जरी वडिलांना म्हटले, "बाबा, बैठकीत कोणी नाही, कूलर बंद करू का?" तर पाठ यशस्वी झाला असे शिक्षकाने समजावे.